तोंड भिंतीकडे

लिफ्टमनला काम ते काय, असं विचारणारे खूप भेटतात. एक बटण दाबायचं आणि महिन्याला पगार घ्यायचा, असं म्हणून हसतात. हसू दे त्यांना. ज्या सरकारी इमारतीत अण्णांचं आयुष्य गेलं, तिथल्या लिफ्टला बटणंच नव्हती. दाराशेजारच्या कोपऱ्यात, भिंतीवर, पितळी मुठीचा एक दांडा होता. डावीकडे ओढला की वर, उजवीकडे ओढला की खाली. तो मधोमध आणून सोडायचा, पण नेमका कधी सोडायचा हे हातालाच कळावं लागे. जरा आधी सुटला तर लिफ्ट मजल्याच्या खाली राहायची आणि एखाद्या साहेबाचा बूट अडखळायचा. साहेब अडखळला की शिव्या लिफ्टला बसत नसत.

अण्णांना अशा शिव्या फार थोड्या बसल्या. घरी, शेजारी, सासुरवाडीला सगळे त्यांना अण्णाच म्हणत. कचेरीत मात्र त्यांना कुणी काहीच म्हणत नसे. "तीन." "पाच." "खाली." एवढंच बोलणं. माणूस आत शिरायचा, अण्णांच्या मागे उभा राहायचा, आकडा सांगायचा आणि उतरून चालता व्हायचा.

कामावर लागले त्या दिवशी मुकादमाने त्यांना दांडा दाखवला, दाराची जाळी कशी ओढायची ते दाखवलं, आणि तिसरी गोष्ट सांगितली. "तोंड भिंतीकडे ठेवायचं. मागे साहेबलोक बोलत असतात. आपण वळून बघायचं नाही, हसायचं नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही. आपण लिफ्टचाच एक भाग आहोत असं समजायचं." तरण्याताठ्या पोराला असलं काही सांगताना त्या मुकादमाची जीभ कशी अडली नाही, कोण जाणे. पण अण्णांना नोकरी हवी होती. त्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं, ते पस्तीसेक वर्षं तसंच ठेवलं.

सवय अशी मुरली की घरातही जायची नाही. अण्णा जेवायला बसले तरी भिंतीकडे तोंड करून. लेकीशी बोलायचं तर नजर खिडकीवर. पोरगी लहान होती तेव्हा मैत्रिणींना सांगायची, "आमचे बाबा पाठीने बोलतात." जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा तासभर त्याला वाटत होतं, सासरे आपल्यावर रुसलेत. अण्णांच्या बायकोने चहा देता देता त्याची समजूत घातली. "रुसलेले नाहीत हो. तुमच्यावर खूश आहेत. खूश असले की ते थोडे जास्तच वळतात."

आता ती लिफ्ट राहिली नाही. अण्णा निवृत्त झाले त्याच महिन्यात तिथे नवी बसली. चकचकीत, आरसेवाली, आणि दार लावताना गोड आवाजात बोलणारी. शेवटच्या दिवशी आस्थापना शाखेतल्या माणसाने अण्णांचं ओळखपत्र मागून घेतलं आणि त्यांच्यासमोर कात्रीने कापून टोपलीत टाकलं. नियमच होता तसा. नोकरी संपली की ओळखपत्र जमा करायचं. ते कापताना फोटोतल्या अण्णांच्या गळ्यावरून कात्री गेली. अण्णांना कसंसंच झालं, पण बोलले नाहीत. बोलायची सवय होती कुठे?

त्यानंतर सुरू झाले पेन्शनचे खेटे.

या खेट्यांचं वर्णन करायचं तर तोंड खराब होईल. फोटोच्या मागचा पडदा पांढरा हवा, तुमचा फिका निळा आहे. सही चौकटीच्या बाहेर गेली. जोडप्याच्या फोटोत बायकोचा एक कान झाकलेला आहे. हा अर्ज जुन्या नमुन्यातला आहे, नवा नमुना आमच्याकडे अजून आलेला नाही, आला की या. असं करता करता हिवाळा गेला, उन्हाळा गेला. चौथ्या मजल्यावरच्या त्या खिडकीसमोर बसून बसून अण्णांना तिथल्या बाकाचा कोणता पाय डगमगतो तेही ठाऊक झालं. खिडकीत कधीच कुणाचं नाव पुकारत नसत, टोकनाचा आकडा पुकारत.

अण्णा एकटे असते तर हे खेटे त्यांनी आणखी वर्षभर घातले असते. माणूस तसा सोशिक, सोशिक कसला, मूग गिळून बसणारा. पण बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शिंप्याकडून काज-बटणाचं काम आणून तिनेच या महिन्यांत घर रेटलं होतं. आता सुईत दोरा जाईना. दर रविवारी लेक येई, आठवडाभराच्या सुया ओवून उशीला टोचून ठेवी आणि मग जाई. पुढच्या आठ दिवसांचं काम आई चाचपडत करी. मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, येत्या बुधवारची. पण तिथे निवृत्तांचं कार्ड दाखवावं लागे, आणि पेन्शनच्या आदेशाशिवाय ते कार्ड निघत नसे. बुधवार हुकला तर पुढची तारीख वर्षाअखेरची, असं तिथल्या नर्सने बजावलं होतं.

म्हणून शुक्रवारी दोघं सकाळीच निघाली. जोडीने हजर राहायचं होतं. नव्या लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर अण्णा सवयीने कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हात आपोआप वर गेला. तिथे दांडा नव्हता, आरसा होता.

"तिथे कुणाला वाकुल्या दाखवताय?" बायको म्हणाली. "चौथा दाबा कुणीतरी. मला आकडे दिसत नाहीत आणि यांना दाबायची सवय नाही."

खिडकीतला कारकून तिशीतला, बोलायला वाईट नव्हता, आणि हेच जास्त वाईट होतं. उद्धट माणसाला निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात. त्याने सगळे कागद पाहिले. फोटो बरोबर, सह्या बरोबर, नमुना नवा. अण्णांच्या जिवात जीव आला.

"कचेरीचं ओळखपत्र?" कारकून म्हणाला.

"ते इथेच जमा केलंय, साहेब. शेवटच्या दिवशी."

"पोच आहे?"

"माझ्यासमोर कापून टाकलं. पोच कुणी दिली नाही."

"मग तुम्ही तेच कर्मचारी, हे कशावरून?"

अण्णांनी खिशातून नागरिकाचं कार्ड काढून दिलं. कारकुनाने ते उलटसुलट केलं. "यावरून तुम्ही या देशाचे नागरिक आहात एवढं कळतं. आमच्याकडे नोकरीला होतात हे कुठे कळतं? सेवापुस्तकात फोटो आहे, पण तो बघा ना." त्याने पुस्तक फिरवून काचेला लावलं. फोटोत काळ्याभोर केसांचा, हनुवटी निमुळती असलेला एक पोरगा घाबरून बघत होता. तो पोरगा आणि हे टक्कल पडलेले, गाल बसलेले गृहस्थ एकच, हे शपथेवर सांगायला अण्णांनाही जड गेलं असतं.

"ओळखीची खूण लिहिलीय," कारकून म्हणाला. "डाव्या भुवईच्या टोकाला तीळ. जरा पुढे या."

अण्णा काचेजवळ वाकले. कारकुनाने मोबाइलचा दिवा लावून भुवई धुंडाळली. ती आता पांढरी होऊन झुडपासारखी वाढली होती. मागच्या रांगेतले लोकही वाकून बघू लागले. साठी उलटलेला एक माणूस, आयुष्यभर सरकारची चाकरी केलेला, आणि भर कचेरीत त्याच्या भुवईत तीळ शोधताहेत. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे दुसरं काय असतं?

"नाही दिसत," कारकून म्हणाला.

"होता हो," बायको म्हणाली. "लग्नात मी डोळ्यांनी बघितलाय. नंतर कुठे गेला ते तुमच्या लिफ्टला विचारा."

रांगेत कुणीतरी हसलं. कारकूनही ओशाळून हसला, पण कागद सरकवायचे ते त्याने सरकवलेच. "एक मार्ग आहे. तुम्हाला नोकरीत असताना व्यक्तिशः ओळखणाऱ्या, या इमारतीतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याची सही आणा. दोन ओळींचा दाखला. आज पाचच्या आत. संध्याकाळी ही थप्पी मुख्य कचेरीत परत जाते. तिथून ती कधी येईल ते मी सांगू शकत नाही."

"एवढंच ना," अण्णा म्हणाले. खरंच त्यांना हे सोपं वाटलं. या इमारतीतला एकही अधिकारी असा नव्हता जो त्यांच्या पाठीमागे उभा राहिला नव्हता.

ते पहिल्यांदा पाचव्या मजल्यावरच्या साहेबांकडे गेले. या साहेबांना अण्णा आतून-बाहेरून ओळखत. त्यांचा मुलगा दोनदा नापास झाला, त्यांना साखरेची गोळी कधी लागली, थोरल्या भावाशी घराच्या वाटणीवरून कसं बिनसलं, हे सगळं त्यांनी फोनवर, अण्णांच्या मानेपासून हातभर अंतरावर उभं राहून सांगितलं होतं. साहेबांनी अण्णांकडे नीट पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"गैरसमज करून घेऊ नका," ते म्हणाले. "तुमच्यावर अविश्वास नाही. पण चेहरा काही लक्षात येत नाही. उद्या कुणीही येऊन उभं राहील, मी लिफ्टमन होतो म्हणेल. मी कुणाकुणाला सह्या देऊ?"

"बरोबर आहे, साहेब," अण्णा म्हणाले आणि बाहेर आले.

बरोबर काय होतं त्यात? अण्णांनी नुसतं विचारलं असतं, साहेब, मुलगा पास झाला का, तर साहेबांचा हात आपोआप सहीला गेला असता. पण ऐकलेलं बोलायचं नाही, हा कानाला लावलेला खडा होता. बाहेर येऊन बायकोला त्यांनी सांगितलं तेही भिंतीकडे बघत. मग ते आणखी दोघांकडे गेले. एक मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांनी मानही वर न करता सांगितलं, "मी ओळखत नाही." न बघताच त्यांना ते कळलं होतं.

"आता?" बायको म्हणाली. तिला एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हात धरून न्यावं लागत होतं.

"तिसऱ्यावर त्या बाई आहेत," अण्णा म्हणाले.

"त्या? अंधारातल्या?"

"त्याच."

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. खूप वर्षांपूर्वी, एका दुपारी वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत अण्णा आणि नव्यानेच नोकरीला लागलेली एक मुलगी, दोघंच. काळोख मिट्ट. मुलीचा श्वास अडकू लागला. ती रडू लागली आणि तिने मागून अण्णांचा शर्ट मुठीत घट्ट धरला. आणि आमचे अण्णा असे, की त्या काळोखातसुद्धा वळले नाहीत. भिंतीकडे तोंड करून, स्वतःच्या लेकीच्या खोड्या एकामागून एक सांगत राहिले. दोर कसा चार पदरी असतो, लिफ्ट कशी पडत नाही, तेही सांगितलं. वीज आली तेव्हा ती मुलगी डोळे पुसून उतरून गेली. पुढे ती चढत चढत मोठी अधिकारी झाली. पण रोज लिफ्टमध्ये शिरल्यावर ती "तीन" म्हणायची ते जरा हळू म्हणायची. अण्णा याला ओळख समजत होते.

बाईंच्या खोलीत दोघे तरुण अधिकारी बसले होते. अण्णांनी काम सांगितलं, नेहमीसारखं कपाटाकडे बघत.

"माझ्याकडे बघून बोला ना," बाई म्हणाल्या.

अण्णांनी मान वळवली. बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कागदावरच्या फोटोकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. त्या खरोखर आठवायचा प्रयत्न करत होत्या, हे अण्णांना दिसत होतं, आणि काहीच आठवत नव्हतं, हेही.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "मी खोटं कसं लिहू? मला तुमचा चेहरा पाहिल्यासारखा वाटत नाही."

बायकोने तोंड उघडलं. "अहो बाई, तुम्ही त्या दिवशी..." अण्णांनी तिचा हात दाबला. दोन परक्या पोरांसमोर या बाईंचं रडणं काढायचं? नको. बुधवार गेला तरी चालेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. डोळे काही त्यांचे जाणार नव्हते. तरीही त्यांच्याने बोलवेना. त्यांनी कागद उचलले आणि दाराकडे वळले.

"थांबा," बाई मागून म्हणाल्या.

अण्णांच्या मानेवर, उजव्या कानाच्या खाली, लिंबाएवढी चरबीची गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, निरुपद्रवी आहे, राहू द्या. इतकी वर्षं या इमारतीतला प्रत्येक माणूस रोज त्या गाठीकडे बघत वर गेला होता आणि खाली आला होता.

"तुम्ही लिफ्टमधले," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीतून उठल्या होत्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "तुमची मुलगी... ती पिठाच्या डब्यात लपायची, ती. कशी आहे?"

"बरी आहे. तिलाच मुलगी झालीय आता."

"मग आधी का नाही सांगितलंत? बसा, बसा ना दोघं." त्यांनी कागद पुढे ओढला आणि भराभर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचतही होत्या. "मी यांना अनेक वर्षांपासून व्यक्तिशः आणि चांगलं ओळखते. श्री..." पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं. "नाव काय तुमचं?"

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाचव्या मजल्यावर गेली नव्हती, खिडकीशी भुवई धुंडाळली तेव्हा गेली नव्हती, ती इथे गेली. बाकीचे परके होते. हिने शर्ट धरला होता.

"चांगलं ओळखते असं लिहिलंत ना, बाई?" ते म्हणाले.

बाईंचा चेहरा लाल झाला. "कागदावर आहेच ना. मी त्यावरून उतरवून घेते."

"कागदावरून नको." अण्णांनी अर्जावर तळहात ठेवला. ते आता सरळ बाईंसमोर उभे होते. "मी सांगतो. तुम्ही माझ्याकडे बघा आणि लिहा."

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. बाईंनी लिहिलं.

"आता म्हणा."

"काय?"

"नाव. मोठ्याने. तुमचा आकडा मी रोज ऐकला, तुम्ही माझं नाव एकदा म्हणा."

दोघा तरुण अधिकाऱ्यांपैकी एक जण खुर्चीत हलला, पण बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. त्या अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. त्या इमारतीत ते नाव असं कुणी उच्चारण्याची ही पहिलीच वेळ. अण्णांच्या बायकोला समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी तिची मान ताठ झाली.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"हो," अण्णा म्हणाले. आणि कागद घेतला.

खिडकीशी कारकुनाने दाखला पाहिला, शिक्का मारला, आदेशाची प्रत काढून दिली. कार्ड सोमवारी मिळेल म्हणाला. बुधवार वाचला. "आता वर्षातून एकदा यायचं फक्त," तो आपुलकीने म्हणाला. "जिवंत असल्याचं सांगायला. स्वतः यावं लागतं हं."

"येईन," अण्णा म्हणाले. "चेहरा बघून ठेवा. दरवर्षी मान दाखवणार नाही."

लिफ्ट वरून आली ती भरलेलीच. पाचव्या मजल्यावरचे साहेब होते, बाकीचेही बरेच होते, घरी निघालेले. लोक जरा मागे सरले. अण्णा बायकोचा हात धरून आत गेले आणि कोपऱ्यात गेले नाहीत. दाराकडे पाठ आणि सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

गोड आवाजाने दार लागत असल्याचं सांगितलं. अण्णा एकेकाच्या चेहऱ्याकडे बघू लागले. ते घाई करत नव्हते. एक चेहरा झाला की दुसऱ्याकडे जात होते. कुणी मोबाइल काढला, कुणी बुटांकडे पाहिलं. साहेब दारावरचे आकडे वाचू लागले. चार मजल्यांचा प्रवास तो केवढा, पण त्या सगळ्यांना तो सरता सरेना.

"काही हवंय का तुम्हाला?" शेवटी एकाने विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "बघतोय."

दार उघडलं. सगळे अण्णांना वळसा घालून भराभर बाहेर पडले. बायको चाचपडत उंबऱ्यावरून उतरली आणि म्हणाली, "कोण होते हो एवढे? मला काही धड दिसलं नाही."

"सगळे ओळखीचे," अण्णा म्हणाले.